धावडदरीचा बेहडा

धावडदरीत शेकरू दिसलं तर कोणाच्या पदरात काय पडणार, हे निघायच्या आधीच ठरून गेलं होतं. उमाशंकर पटणे सरांना मराठवाड्यातल्या शेकरूंचे पहिले अभ्यासक म्हणवून घेता येणार होतं. सर लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पण वडील शंकरप्पा उदगीरचे जुने अडते, त्यामुळे कुठल्याही कामात आपल्या वाट्याला काय येतं ते सरांना आधी दिसे आणि काम मागाहून. मकबूलभाईला भोकरच्या आरा मशीनसमोरच्या टपरीवर सांगायला पुढची काही वर्षं पुरेल एवढी गोष्ट मिळणार होती, आणि अस्वल भेटलं नाही तरी तो ते गोष्टीत घालणारच होता.

सरांची विद्यार्थिनी वर्षाराणी बिराजदार हिला मात्र एक जंगल मिळणार होतं. अख्खं नव्हे, तुकडा. इस्लापूरच्या पलीकडे डोंगरात शिरणाऱ्या धावडदरीच्या नाल्याला दोन काठ. उत्तरेला दाट, जुनं जंगल. दक्षिणेला जुन्या झाडांचा एक पुंजका उरलेला, आठवडी बाजार भरतो त्या मैदानाएवढा. त्या पुंजक्यातून विजेच्या मनोऱ्यांची रांग न्यायची ठरत होती. पाहणी करून गेलेल्या मंडळींनी लिहिलं होतं की पुंजका एकटा पडलेला आहे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं. नाला ओलांडून इथे ते येऊ शकणार नाही, सबब जागा शेकरूच्या अधिवासास अयोग्य.

पाहणी फाल्गुनात झाली होती. फाल्गुनात ह्या जंगलाच्या अंगावर पान नसतं. वर्षाराणीने तो अहवाल वाचला, आणि झाडांचे कपडे काढून त्यांना उघडं म्हणण्यासारखं हे आहे, असं सरांना तोंडावर सांगितलं. दसऱ्यानंतर सुनावणी होती. त्याआधी भरल्या पानांत जाऊन एवढंच दाखवायचं होतं की शेकरू नाला वरच्या वर ओलांडतं. एक फोटो पुरे होता.

भाद्रपद सरत आला तेव्हा मुदखेडला गाडी बदलून गुरू आणि शिष्या पुढे निघाले. भोकरला मकबूलभाई चढला. पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड, खांद्यावर दोराचं वेटोळं, दाढीला नुकतीच लावलेली मेंदी.

"कुऱ्हाड कशाला?" सरांनी विचारलं. "आपण झाडं मोजायला चाललोय."

"प्रोफेसरसाब, तुम्ही पेन घेतलाच की," मकबूल म्हणाला. "आपलं पेन हेच हाय. आब्बा करवतकरी, आजोबा करवतकरी. हात मोकळा ऱ्हायला की खाज सुटती."

उंच झाडांवर चढायला त्याच्यासारखा माणूस त्या भागात दुसरा नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि वर्षाराणीला ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दरीत शिरायची वाट आधी सागाच्या लागवडीतून गेली. सरळ रांगा, सारखी खोडं, खाली एक झुडूप नाही. पावसाने काळी माती बुटांना अशी धरत होती की दर थोड्या वेळाने काटकीने पाय खरवडावे लागत. वर्षाराणीने पिशवीतून तळहाताएवढा फुगीर आरसा काढला. त्यावर चौकटी आखलेल्या होत्या. आरसा आडवा धरला की डोक्यावरचं जंगल त्यात उतरे, आणि किती चौकटींत पान आणि किती चौकटींत आभाळ ते कळे.

"तुमच्या आरशात तोंड बघायचं का झाड?" मकबूलने विचारलं.

"झाडाचं तोंड," ती म्हणाली. "बघा चाचा. इथं आभाळच जास्त. सागाची ही वस्ती म्हणजे नवी कॉलनी. घरं सारखी, पण एकाचा पाय दुसऱ्याच्या उंबऱ्यात नाही. शेकरूला मोठी झाडं लागतात, आणि एकमेकांत शेंडे घुसलेली लागतात. एक झाड पाडलं तर त्याचा रस्ता तुटतो."

"म्हंजे रस्त्यासाठी जंगल पायजे, असं पहिल्यांदाच ऐकून राहिलो. आमच्याकडं उलटं आसतंय."

साग संपला आणि जंगल एकदम बदललं. ऐन, धावडा, कुंभी, मोह. त्यांच्याखाली दुसरा मजला, त्याखाली तिसरा, आणि सगळ्यांना गुंडाळून वर गेलेल्या मनगटाएवढ्या वेली. आरशातलं आभाळ बारीक होत होत नाहीसं झालं. दुपार असूनही संध्याकाळ झाल्यासारखं वाटू लागलं. पाऊस थांबला तरी पानांवरून गळणं थांबेना, आणि त्या टपटपीत तिघांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं.

अस्वल खरोखरच भेटलं. करवंदीच्या जाळीमागे वारूळ उकरत बसलं होतं. वाटेच्या वळणावर ते आणि मकबूल समोरासमोर आले. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. मकबूल खाली बसला. कोणी किती वेळ कोणाकडे पाहिलं ते पुढे टपरीवर दर वेळी वेगळं सांगितलं गेलं. पण त्या क्षणी त्याने हळूच खांद्यावरची पिशवी पुढे सरकवली, आणि तिघांच्या सगळ्या भाकऱ्या, शेंगदाण्याच्या चटणीसकट, अस्वलाच्या स्वाधीन झाल्या.

"माझी पिशवी," सर कुजबुजले.

"साब, आता त्याची."

उरले ते मुरमुरे, गूळ आणि चहापत्ती.

नाला दिसला तो दुसऱ्या दिवशी. उत्तर काठावर तंबू ठोकला, आणि वर्षाराणी वर पाहत पाहत काठाने चालू लागली. मकबूलला ऐनांच्या शेंड्यांत काटक्यापानांचे गोळे दिसू लागले तसा त्याला हुरूप आला.

"ताई, एक, दोन... सात घरटी. सात बिऱ्हाडं!"

"एकच असेल," ती म्हणाली. "एक शेकरू पाच-सात घरटी बांधून ठेवतं. एक भिजलं की दुसऱ्यात जातं."

"आमच्या सरांच्या वडलांसारखं," मकबूल म्हणाला. "मालक एक, गोदामं सात."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते चष्मा पुसण्यात घालवलं.

आणि मग तिला बेहडा दिसला. उत्तर काठावरचा, जुना, नाल्यावर ओणवा झालेला, जणू पलीकडच्याशी बोलायला वाकलेला. पलीकडून एक पांढुरक्या खोडाचा अर्जुन त्याच्याकडे झुकला होता. दोघांच्या फांद्या नाल्याच्या मधोमध एकमेकांत शिरल्या होत्या, आणि पळसवेलीने त्यांना वरून बांधून टाकलं होतं. काठाने वर-खाली हिंडून तिने पाहिलं. दुसरीकडे कुठेही दोन काठ भिडत नव्हते. पुंजका एकटा नव्हता. त्याला एक दार होतं, आणि ते दार म्हणजे हा बेहडा.

मकबूलने बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. ढब्ब असा आवाज आला.

"पोकळ हाय. मशीनवर कुणी फुकट घेनार न्हाई. म्हनून तर आजवर उभा हाय."

वर्षाराणी बुंध्याला हात लावून उभी राहिली. तिथून पुढे तिने बेहड्याच्या आसपास मोठ्याने बोलायलाही बंदी केली. नाल्यात उतरण्यासाठी मकबूल त्याच्याच बुंध्याला दोर बांधायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला.

"ह्याला नाही, चाचा. शेकरू बुजेल. तिकडे काठावर चार साग लावलेत, त्यातल्या एकाला बांधा."

"सागाचं मूळ कच्चं हाय, ताई. लावलेलं झाड. काठ भिजलेला."

"आपण काय हत्ती उतरवणार आहोत का? सागाला बांधा."

मकबूलने सागाला बांधला. ही चूक कोणाच्या खात्यावर जाते ते पुढे कळलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. अधूनमधून लांबून लाकडी खुळखुळ्यासारखा आवाज येई, कट् कट् कट्, आणि तिघंही मान मोडून वर पाहत. पाऊस येई, जाई. मुरमुरे सादळले.

तिसऱ्या सकाळी सरांनी बेत काढला. नाल्याच्या मध्यावर, थेट त्या फांद्यांच्या खाली, एक सपाट खडक होता. पाणी गुडघ्याखाली, स्वच्छ. तिथून फोटोला आडवं काही येत नव्हतं. सर लिंगायत घरचे; आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याखेरीज तोंडात पाणी घेत नसत.

"बघ वर्षाराणी," ते म्हणाले, "आंघोळीला उतरायचं, पूजेला वर यायचं, पहाऱ्याला पुन्हा उतरायचं, असे तीन फेरे कोण करणार? खडकावरच बसतो. आंघोळ तिथं, पूजा तिथं, पहारा तिथं."

"एका फेऱ्यात तीन कामं," मकबूल म्हणाला. "भाडं वाचलं."

सर दोराला धरून उतरले, खडकावर बसले, कॅमेरा गळ्यात. आभाळ त्या दिवशी उघडलं होतं. कोवळं ऊन पानांतून पाण्यावर पडलं होतं, आणि दरी पहिल्यांदाच बरी दिसत होती.

आंघोळ उरकते न उरकते तोच दक्षिण काठावरून आवाज आला. कट् कट् कट्!

अर्जुनाच्या फांदीवर शेकरू होतं. गडद तांबडी पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब शेपूट. तोंडात काहीतरी होतं. वर्षाराणीने दुर्बीण लावली. पिल्लू होतं. मादी पिल्लाला मानेला धरून घर बदलत होती. दक्षिणेकडचं घरटं पावसाने भिजलं असणार. ती पळसवेलीवरून सरसरत मध्यावर आली, खाली बसलेल्या सरांकडे पाहून क्षणभर फांदीला चिकटली, आणि मग बेहड्यात झेपावली. बेहड्यातून शेजारच्या ऐनात. ऐनाच्या शेंड्यावरच्या घरट्यात ती शिरली.

सरांनी अंगठा वर केला. फोटो मिळाला होता!

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुसरं पिल्लू असेल तर ती परत येईल," ती मकबूलच्या कानात म्हणाली. पलीकडच्या घरट्यातून बारीक चिरका आवाज येत होता. होतंच दुसरं.

खाली सरांनी समाधानाने गळ्यातला कॅमेरा पाठीवर सारला, कपाळाला विभूती लावली आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले.

मकबूल पाण्याकडे बघत होता. पाण्याचा रंग गेला होता. काडीकचरा वाहत येत होता, मग पानं, मग फेस.

"प्रोफेसरसाब," त्याने हाक मारली. "वर कुठंतरी लई पडलाय. उठा."

सरांनी डोळे न उघडता उजवा हात हलवला. थोडं थांबा.

"सर, उठा! पाणी येतंय!" वर्षाराणी ओरडली. बेहड्याजवळ मोठ्याने न बोलण्याची बंदी तिनेच मोडली.

सर पूजेतून कधी मध्येच उठले नव्हते. वडिलांच्या दुकानाला आग लागली होती तेव्हाही पूजा संपवूनच धावले होते, हे ते अभिमानाने सांगत. आजही त्यांनी पूजा संपवली. डोळे उघडले तेव्हा खडकाच्या चारी बाजूंनी लाल गढूळ पाणी घुमत होतं.

त्यांनी दोर धरला आणि एक पाय टाकला. पाण्याने पाय उचलला. सर दोराला लोंबकळले, दोर ताणला, आणि काठावरचा साग मुळासकट सुटला. एवढासा आवाज झाला. माती, साग, दोर, सगळं एकदम पाण्यात! सर कसेबसे मागे खडकावर पडले. दोर पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

पाणी चढत होतं. सरांच्या पोटऱ्या बुडाल्या. त्यांनी इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने खडकाची कड.

मकबूल धावत तंबूकडे गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. वर्षाराणीला आधी कळलं नाही. मग कळलं.

"दुसरं झाड बघा, चाचा."

"बघितलं. ऐन तोडायला सांज हुईल. साग सरळ, पडला तर आपल्याच अंगावर पडंल, अन् पुरायचा बी न्हाई." त्याचा आवाज खाली आला. "नाल्यावर ओणवा एकच हाय. पोकळ हाय. लवकर पडंल, अन् बरोबर खडकावर पडंल."

वर ऐनाच्या शेंड्यात मादी घरट्यातून बाहेर आली होती. पलीकडे दुसरं पिल्लू ओरडत होतं.

"तुम्ही बोलल्याबगर मी हात लावनार न्हाई, ताई. झाड तुमचं हाय."

पाणी सरांच्या गुडघ्यांवर आलं. चष्मा गेला होता. चष्म्याशिवाय ते म्हातारे दिसत होते.

"पाडा," वर्षाराणी म्हणाली.

मकबूलने घाव घातला. मग दुसरा. पोकळ बुंधा नगाऱ्यासारखा घुमला. ढलप्या उडाल्या. आतून जुनी, काळी भुकटी भसाभस सांडली. मकबूलची टोपी पडली, दाढी घामाने चिकटली, पण घाव चुकत नव्हता. वर्षाराणी दोन्ही हातांनी बुंधा नाल्याकडे ढकलत होती. त्याने काही फरक पडणार नव्हता, पण नुसतं उभं राहणं तिला जमेना. बेहडा कण्हला. पळसवेली ताणल्या, तटातट तुटल्या.

"मागं व्हा!"

बेहडा पडला. अर्जुनाची मोठी फांदी मोडून घेऊन, सगळ्या पानांसकट, धाडकन खडकावर! पाणी उंच उडालं. क्षणभर सर दिसेनात. मग फांद्यांच्या गचपणातून एक हात आला, मग विभूती धुऊन गेलेलं कपाळ. सर खोडावर पोटावर सरपटत निघाले. मध्यावर खोड हललं. ते थांबले.

"थांबू नका साब! उदगीर जवळच हाय, चला!"

सर पुन्हा निघाले. मकबूलने वाकून त्यांचं बखोट पकडलं आणि ओढून काठावर टाकलं. त्याच घडीला प्रवाहाने बेहड्याचा शेंडा धरला, झाड सावकाश फिरलं, बुंध्याने काठाच्या मातीचा मोठा लचका तोडला, आणि ते वाहत गेलं.

सरांनी मूठ उघडून पाहिली. इष्टलिंग होतं. गळ्यात कॅमेराही होता. ते रडू लागले.

वर्षाराणी वर पाहत होती. मादी ऐनावरून नेहमीच्या वाटेने धावत आली, आणि जिथून बेहड्यात उडी घ्यायची त्या फांदीच्या टोकाला येऊन थबकली. पुढे काही नव्हतं. ती मागे गेली, पुन्हा धावत आली, पुन्हा थबकली. समोर मोडक्या फांदीचा अर्जुन होता, कुठल्याही उडीच्या पलीकडे. मग ती ओरडू लागली. कट् कट् कट्. पलीकडून बारीक आवाज उत्तर देत होता.

नाला दोन दिवस उतरला नाही. तिघं काठावर अडकून होते. मकबूल चहा करी आणि कोणी पीत नसे. पलीकडचा आवाज पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

पाणी उतरल्यावर मकबूल पलीकडे गेला आणि अर्जुनावर चढला. घरट्यात हात घातला, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. खाली उतरला तेव्हा मुठीएवढं काहीतरी त्याच्या टोपीत होतं. त्याने ते अर्जुनाच्या मुळाशी पुरलं आणि वर दगड ठेवला.

परतीच्या वाटेवर सर पहिल्यांदा कामाचं बोलले.

"वर्षाराणी, फोटो स्पष्ट आलाय. तारीख आहे त्यावर. शेकरू नाला ओलांडतंय. ह्यात खोटं काही नाही."

"फोटो खोटा नाही, सर."

"मग झालं तर. झाडाचं कोण विचारणार? पुरात झाडं जातातच."

मकबूल मागून म्हणाला, "पुरानं पाडलं म्हनायचं, तर माझा हात कुठं लपवू, साब?"

सुनावणीत वर्षाराणीने फोटो ठेवला आणि पाठोपाठ सगळं सांगितलं. फोटोतलं झाड आता नाही, ते पाडायला मी सांगितलं, कारण असं असं. अध्यक्षांनी सौजन्याने विचारलं, "म्हणजे आजमितीला त्या दोन काठांना जोड आहे का?"

"नवी फांदी वाढू द्या. मधे दोर बांधून पाहू द्या. तोवर पुंजका ठेवा."

"आजमितीला?"

"आज नाही," ती म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात ती आणि मकबूल पुन्हा गेले. दक्षिण काठावर मनोरा उभा होता, पायाशी रान साफ केलेलं. बेहड्याच्या उरलेल्या खुंटापाशी उभं राहून तिने आरसा आडवा धरला. चौकटी सगळ्या आभाळाने भरल्या. दूर उत्तरेकडून एकदा कट् कट् ऐकू आलं, मग नाही.

आता कोणाच्या पदरात काय पडलं ते पाहायचं, तर सर जगले, ही जमा सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्यांचा निबंध छापून आला. शेवटी त्यांनी आईवडिलांचे, कॉलेजचे आणि मकबूलभाईंचे आभार मानले आहेत. अलीकडे ते पूजा घरातच करतात, पाण्यापासून लांब. राखीव जंगलातलं झाड पाडल्याचा गुन्हा मकबूल आणि वर्षाराणी दोघांच्या नावे लागला, आणि आजोबांच्या वेळची कुऱ्हाड जप्त झाली. टपरीवर मकबूल अस्वलाची गोष्ट रंगवून सांगतो. बेहड्याची कोणी विचारली तर चहाचा कप उपडा ठेवून उठतो. वर्षाराणीला हवा होता तो तुकडा गेला. पण खरी किंमत भरली ती त्या मादीनं. तिचा रस्ता गेला, पलीकडचं रान गेलं, एक पिल्लू गेलं. आणि ज्याच्यासाठी गेलं, तो तिच्या ओळखीचाही नव्हता.